पाणी नाही म्हणे

...आणि वर मलाच विचारतो, "मिसेस बूथरॉयड, तुम्ही फलक वाचला नाही का?" आता तुम्हीच सांगा, नवऱ्याची शवपेटी बोटीच्या टपावर, मी काळी टोपी घालून शेजारी उभी, दीर नॉर्मन सुकाणूवर, आत सहा नातेवाईक आपापल्या चांगल्या बुटांत अवघडून बसलेले, मी काय अशा वेळी फलक वाचत फिरणार? तरी वाचला, तुम्हाला सांगते, चष्मा लावून वाचला. 'पाण्याची पातळी खालावल्यामुळे तिन्ही लॉक पुढील सूचना मिळेपर्यंत बंद.' आणि कालव्याच्या पहिल्याच दाराला ही एवढी साखळी, साखळीला कुलूप, आणि कुलपाशेजारी केशरी जाकिटातला तो गॅरी टर्विल, कालव्याच्या ऑफिसातला, हातात पाटी घेऊन उभा, जसं काही आम्ही कुलूप खिशात घालून पळणार होतो.

पाणी नाही म्हणे. काल दुपारपर्यंत होतं! रोज दहा ते दोन लॉक चालू, एकच्या आत रांगेत लागा, हे तर जूनपासून चाललं होतं, आणि मी त्याच हिशेबानं सगळं ठरवलेलं. कारण आमच्या यॉर्कशरात माणूस मेला की लगेच पुरतील असं नाही, पंधरा-पंधरा दिवस नंबर लागत नाही. विल्फ गेला दोन तारखेला, आणि आमचा नंबर लागला सतराला, शुक्रवारी, दुपारी दोनला, वरच्या चर्चमध्ये. चारला तिथंच एक लग्न, म्हणजे पुढं ढकलायचीही सोय नाही. आणि ज्यांनी शवपेटी सकाळी धक्क्यावर आणून बोटीवर चढवून दिली ते लोक त्यांची काळी गाडी घेऊन तीस मैलांवर दुसऱ्या मयताला गेलेले, ते येणार संध्याकाळी.

आता तुम्ही म्हणाल, बाई, गाडीनंच का नाही नेलंत सरळ? तर त्याचं असं आहे की विल्फला गाडी लागायची. हसू नका, खरं सांगते. जन्म कोळशाच्या बोटीवरचा, वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत चाकावर बसला नाही, आणि मग बसला तो थेट उलटी करत उतरला, तेव्हापासून आयुष्यभर तसंच. आमच्या लग्नात चर्चपासून जेवणाच्या हॉलपर्यंत मी गाडीतून आले आणि नवरदेव चालत आला. शेवटी हॉस्पिटलात पडल्या पडल्या मला म्हणतो, "एनिड, मला वर आई-बाबांशेजारी न्या, पण बोटीनं. गाडीत घालू नका." मी म्हटलं, "अरे, तेव्हा तुला कशी लागेल गाडी?" तर म्हणतो, "तुला काय माहीत?" मलाही खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, बरं, बोटीनं.

म्हणजे शब्द दिलेला. आणि हा गॅरी म्हणतो पाणी नाही.

लॉक म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक नसेल तर, पाण्याची पायरी. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं, बोट अलगद वर उचलली जाते, की पुढचं दार उघडून चालू पडायचं. आमच्याकडं अशा तीन पायऱ्या, मग वर मैलभर सपाट कालवा आणि त्याच्या काठाला चर्च. पण एक बोट एक पायरी चढली की वरचं तेवढं पाणी खाली गेलंच. आणि वर धरणातच खडखडाट. गॅरी मला समजावत होता, अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात ना तसं. "मिसेस बूथरॉयड, दुसऱ्या आणि तिसऱ्या लॉकच्या मधे गुडघाभर उरलंय. मासे तोंडं वर काढून मरतायत. मी सकाळपासून बादल्यांनी मासे हलवतोय."

मी बघितलं, तर त्याची पँट खरंच मांडीपर्यंत ओली होती.

तरी त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला, ते मान्य करायला हवं. "साहेब, एक मयत आहे... नाही साहेब, कोणी बुडालेलं नाही... नाही, आधीच... हो, बोटीवर आहे... टपावर साहेब." मग बराच वेळ नुसतं "हो साहेब, हो साहेब." फोन ठेवला आणि पाटीवरचा कागद उलटून बघत म्हणाला, "याची तरतूदच नाहीये."

तरतूद! चौऱ्याऐंशी वर्षं माणूस या कालव्यावर काढतो आणि शेवटच्या दिवशी त्याची तरतूद नाही. नॉर्मन तर तापलाच. ऐंशीचा आहे, गुडघा गेलेला, पण खाली जाऊन हत्यारांच्या पेटीतून करवत घेऊन आला. "एनिड, पाच मिनिटांत साखळी कापतो, पोलिसांना बोलाव म्हणावं." सहा नातेवाइकांपैकी दोघं लगेच त्याच्या बाजूचे झाले, दोघं म्हणाले आम्ही काही बघितलं नाही, आणि उरलेले सँडविच कुठं ठेवलेत ते शोधू लागले.

मी करवत काढून घेतली. घाबरले म्हणून नाही हं. मी त्या गॅरीला चांगलं वाजवायला तयार होते. पण विल्फ मला आठवला, लॉकवर उभा असलेला. समोरून कोणी येतंय का बघितल्याशिवाय त्यानं कधी लॉक भरलं नाही. तासभर थांबायचा, मी आतून ओरडायची, चहा गार झाला, तर म्हणायचा, "एका पाण्यात एक चढतो, दुसरा उतरतो, तर दोन पाणी कशाला?" त्या माणसाला मी मासे मारून वर नेऊ? उठून बसला असता पेटीत.

मग मी गॅरीला विचारलं, "लॉकमधून काही जाणार नाही, बरोबर?"

"काहीही नाही."

"आणि लॉकच्या बाजूनं?"

"बाजूनं काय, बाजूनं पायवाट आहे. माणसं जातात."

"मग विल्फ माणूसच आहे," मी म्हटलं. "नॉर्मन, उचला."

पण उचलणार कोण? आमची माणसं बघा. एकाचा गुडघा, एकाची कंबर, एकाला डॉक्टरनं पिशवीसुद्धा उचलू नको सांगितलेलं. पेटी ओकची, आणि विल्फ काही चिमणी नव्हता. पहिल्याच दमात चार पावलं गेलो आणि टेकवली. दोन मैल असं जायचं म्हणजे चारच्या लग्नाचं पहिलं बाळ बारशाला आलं असतं. आणि शिवाय मला ते चालतच नव्हतं, शब्द बोटीचा होता, खांद्याचा नव्हता.

तर वरून आवाज आला, "थांबा गं, पाठ मोडून घ्याल."

पहिल्या लॉकच्या वर एक भाड्याची बोट कालपासून अडकलेली. लिव्हरपूलच्या चार नर्सा, सुट्टीवर आलेल्या, एकीची पन्नाशी म्हणून टपावर गुलाबी फुगे बांधलेले. त्यातली थोराड, ब्रॉना नावाची, झग्यावरच खाली उतरली. "राणी, कोण आहे हे?" तिकडं सगळ्या बायकांना राणीच म्हणतात. मी म्हटलं, माझा नवरा. तिनं पेटीकडं बघितलं, साखळीकडं बघितलं, गॅरीकडं तर असं बघितलं की तो एक पाऊल मागं गेला, आणि बाकीच्या तिघींना हाक मारली. "आम्ही रोज उचलतो माणसं, तीही लाथा मारणारी. हे तर किती शहाण्यासारखे पडलेत." आणि एक-दोन-तीन म्हणून उचलली, तुम्हाला सांगते, पलंगावर पेशंटची कूस बदलल्यासारखी. लॉकच्या बाजूनं वर, आणि ठेवली फुग्यांमधे. एक म्हणाली फुगे काढू का. मी म्हटलं, राहू दे, पन्नाशी काय रोज येते?

तिथून दुसऱ्या लॉकपर्यंत गेलो की आम्ही, ऐटीत. पाणी नाही म्हणे.

दुसऱ्या लॉकच्या वर मात्र... खरंच नव्हतं. मला वाटलं होतं गॅरी वाढवून सांगत असेल. मधे एक गढूळ पट्टा, दोन्ही बाजूंना चिखल फुटलेला, वास असा की नर्सांनीसुद्धा नाकाला रुमाल लावले. कुठलीही बोट तिथं चालली नसती. एकच वस्तू तरंगत होती, ऑफिसचा गाळ काढायचा तराफा. सपाट, गंजका, त्यावर गॅरीच्या माशांच्या बादल्या.

मी तराफ्याकडं बघत राहिले.

"नाही," गॅरी म्हणाला. "तो ऑफिसचा आहे."

मी बघतच राहिले.

"मिसेस बूथरॉयड, त्यावर गाळ वाहतात. तुमच्या मिस्टरांना त्यावर... बरं दिसेल का?"

"कोळशावर जन्मलाय तो," नॉर्मन म्हणाला. "चिखलाचं काय घेऊन बसलास."

गॅरीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग एकेक बादली उचलून काठावर ठेवायला लागला. शेवटची ठेवल्यावर जाकीट काढलं, उलटं करून तराफ्यावर अंथरलं, म्हणजे पेटीला गंज लागायला नको.

पण त्या तराफ्याला इंजिन नाही. दोर लावून काठावरून ओढायचा. विल्फची आई ओढायची, तुम्हाला सांगते, घोडा लंगडला की स्वतः पट्टा खांद्याला लावून कोळशाची भरली बोट ओढायची, विल्फ पोटात असताना ओढली तिनं, याच तुकड्यात. म्हणून मी दोर आधी घेतला. सगळे नाही नाही करत होते, वय बघा, टोपी तरी काढा. मी म्हटलं, टोपी राहील. आणि लावला खांद्याला. पहिल्यांदा हललंच नाही, मला वाटलं झालं, इथंच संपलं... मग चिखलातून सुटल्याचा एक आवाज आला आणि दोर हलका झाला. इतका वेळ मी भांडत होते ना, ऑफिसशी, साखळीशी, नातेवाइकांशी, त्या चालण्यात पहिल्यांदा तोंड बंद झालं माझं. नुसते पायांचे आवाज, आणि मागून पाणी कापत तो येतोय. साठ वर्षं न्यायचा तो, सुकाणू धरून, आणि मी आत भांडी घासत. आज मी पुढं. त्याला सांगायचं होतं मला हे.

मधेच दोर आणखी हलका वाटला. वळून बघते तर नर्सांच्या मागं, सगळ्यात शेवटी, गॅरी.

"मी हे काही बघितलेलं नाही," तो म्हणाला.

"डोळे मीट मग," मी म्हटलं, "पण ओढ."

तिसऱ्या लॉकच्या वर पुन्हा चांगलं पाणी, आणि तिथं एका निवृत्त दाताच्या डॉक्टरची बोट. मिस्टर ऑस्बाल्डिस्टन. बोट म्हणजे काय, आरसा! पितळ घासलेलं, आत पांढरा गालिचा. आमचा अवतार बघून त्याचा चेहराच पडला. आम्ही सगळे गुडघ्यापर्यंत चिखलात, नर्सा झग्यांत, एक फुगा पेटीच्या कडीला अडकून आलेला. त्याची बायको हळूच त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. मग तो म्हणाला, "अवश्य. या. फक्त कृपा करून... बूट." तर विल्फ सोडून सगळ्यांनी बूट काढले. तेरा जोड चिखलाचे बूट टपावर ओळीनं, मधे विल्फ, आणि आम्ही पांढऱ्या गालिच्यावर मोजे लपवत बसलेले. त्याच्या बायकोनं चहा दिला, बशीसकट. नॉर्मन कप धरून रडायला लागला, पहिल्यांदाच त्या पंधरा दिवसांत, आणि दाताच्या डॉक्टरनं त्याला आपला इस्त्रीचा रुमाल दिला आणि परत मागितला नाही.

चर्चला पोचलो तीनला पाच कमी. आमच्या पाद्रीणबाई, रेव्हरंड फिलिपा, काठावर उभ्या, घड्याळाकडं न बघण्याचा प्रयत्न करत. म्हणाल्या, "एनिड, मला वाटलं रस्त्यानं याल." मी म्हटलं, "रस्त्यानं आलो असतो तर एक वाजताच आलो असतो." त्यांनी दोन गाणी कमी केली, प्रवचन अर्ध्यावर आणलं, पण मातीची प्रार्थना सगळी म्हटली, एक शब्द गाळला नाही. आई-बाबांच्या शेजारी ठेवला त्याला. कबरीशी आम्ही अनवाणी, कारण बूट टपावरच राहिले होते. लग्नाचे पाहुणे फाटकातून बघत होते, त्यांना वाटलं असेल आमच्याकडं अशीच पद्धत आहे.

आणि न्यायला तर नेलं की नाही? तुमच्या तीन कुलपांवरून नेलं, थेंब सांडला नाही, मासा मेला नाही. पाणी नाही म्हणे.

पण खरी गंमत पुढं आहे. लॉक अजून बंदच आहेत. तर नवव्या दिवशी ऑफिसचं पत्र. मला वाटलं नोटीस, तराफ्याबद्दल. मी उत्तरसुद्धा मनात लिहून तयार ठेवलं, दोन पानी, कडक. फोडते तर काय, आत सांत्वनाच्या चार ओळी, आणि खाली असं की सदर घटनेच्या अनुषंगानं नवीन तरतूद करण्यात आली आहे, सोबत परवाना जोडला आहे. रीतसर शिक्का मारलेला. 'बूथरॉयड, एक शवपेटी, तिन्ही लॉकमधून, फक्त वर जाण्यासाठी.'

नॉर्मन म्हणाला, फाडून टाक. मी पण हातात धरला होता फाडायला. मग चष्मा लावून नीट वाचला. नुसतं बूथरॉयड लिहिलंय, विल्फचं नाव घातलेलं नाही, आणि मुदत टाकायची विसरलेत.

ठेवलाय कपाटात. आज ना उद्या लागणारच आहे.