दिल्लीत करून दाखवलेली दोरी

मी मूळचा धावड्याचा, भोकरदनकडचा. बाप लोकाच्या शेतात राबला, मी दहावीपस्तोर शिकलो, मंग नगरपालिकेत लागलो, गटारीच्या पंपावर. काय सांगू तुम्हाला, लई वरसं झाली, नाकाला आता काईच कळत न्हाई, बायको म्हणते आंघोळ करून या, मी म्हणतो केली की.

पंपाच्या हौदात चिंध्या अडकल्या की उतरावंच लागतं. उतरतो माझा जोडीदार रफिकभाई, वर दोरी माझ्या हातात. आमची रीतच हाय ती, आधी झाकणं उघडून ठेवायची, बांबूनं गाळ ढवळायचा म्हंजी गॅस निघतो, मंग कमरेला दोरी. एक हिसका म्हंजी बराबर हाय, दोन म्हंजी जल्दी वर घे. तरी एकदा दोरी नुसतीच ढिली पडली, मी ओढलं तवा रफिकभाई निळा पडल्ता. वाचला. पन त्या दिवसापून मला एकच पाहिजे, गाळ उपसायची मशीन, म्हंजी मानूस उतरायलाच नको.

देशभरातल्या गटार खात्यांची एक संघटना हाय, तिचा सायेब मला दिल्लीला घेऊन गेल्ता. म्हणला, कामगारानं सांगितलं की सरकार ऐकतं, तू मोकळेपणानं बोल. मला वाटलं, मशीनसाठीच चाललो. इस्त्रीचा शर्ट घातला. तिथं मोठ्या अधिकाऱ्यांनी इचारलं, उतरता कसे? आन माझी मती फिरली बघा, फुशारकी चढली मला, आपल्याला कोन इचारतं कधी! झाकणं, बांबू, दोरी, समदं उभं राहून करून दाखवलं. रफिकभाईचं सांगायला तोंड उघडलं, तर सायेब म्हणला, बस, टाइम झाला.

मंग तोच उठला. म्हणला, बघा, आमची मानसं किती तरबेज, बिलकुल धोका न्हाई, मानूस उतरवायची बंदी एवढ्यात कडक लावू नका, मशीनचा खर्चा पालिकांना झेपत न्हाई, मशीन घ्यायची मुदत वाढवा. आन वाढवली की हो! माझ्याच तोंडून वदवून घेतलं, केसानं गळा कापला मेल्यानं. वर स्टेशनावर मला पेढे दिले, आन मी ते खाल्ले, अजून लाज वाटते.

रफिकभाईला समदं सांगितलं. तो म्हणला, जाने दे यार, आन चहा पिऊन उतरला. भाभी मात्र तवापून माझ्याशी बोलत न्हाई, आन तिचं काय चुकलं?

परवा सायबाचा फोन आल्ता, पुन्हा चल म्हणे, तू लई झकास बोलतो. मी म्हणलं, औंदा रफिकभाईच्या बायकोला न्या, तिला इचारा उतरतात कसे. त्यानं फोनच ठेवला. रफिकभाई अजून उतरूनच राह्यला, मी वर उभा. त्याला उमर मिळो, दुसरं काय मागू.