बाळ झोपेपर्यंत

गुडघ्याच्या एमआरआयसाठी आलेल्या निवृत्त ड्रायव्हरने "नंबर कधी येणार?" म्हणून दोनदा दार ठोठावलं होतं. आता पेपर डोळ्यांपुढे होता आणि कान शेजारच्या बाकावरच्या सासू-सुनेकडे.

"सोनोग्राफीत बाळाचं डोकं दिसलं होतं ना गं? मग हे परत कशाला?"

"आई, मेंदूच्या मधला एक भाग त्यात दिसला नाही. तो आहे की नाही, ते यात कळेल."

"आणि नसला तर?"

"तर डॉक्टर सांगतील पुढचं. आत्ताच नको ना."

"बरं. पण आत नेऊन लगेच बाहेर का पाठवलं तुला?"

"बाळ स्वस्थच बसेना. हललं की फोटो पुसट येतो. म्हणाले, शांत झालं की या. गोड काही घेतलंत का, असंही विचारलं. आई, त्या सरबतात साखर किती घातली होतीत?"

"जरा सढळ हातानं. म्हटलं, पोर घाबरलीये, तरतरी येईल."

"आली. पण त्याला आली!"

"हसू नकोस, पोट हलतंय. बघू... अगंबाई, काय लाथा मारतंय! एवढं नाचणाऱ्याच्या डोक्यात काय कमी असणार?"

"लाथांवरून ते कळत नाही, आई."

"मलाही ठाऊक आहे गं. तरी म्हणू दे."

सासू सुनेच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली. ड्रायव्हरने पेपरचं पान अर्धवट उलटलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आई, थांबलं वाटतं."

"हळू बोल."

तेवढ्यात दार उघडलं.

"गुडघेवाले काका, चला, आला तुमचा नंबर!"

"शू! ओरडताय काय?" ड्रायव्हर कुजबुजला. "आधी त्यांना न्या. आत्ता कुठे झोपलंय."