जुन्यांना लागू नाही

वहिनी : थांब, डबा बंद करू नकोस. हे पाकीट बाळांच्या खाऊच्या जुन्या मिश्रणाचं आहे. शेंगदाण्याचं.

नणंद : ऑर्डरच्या चिठ्ठीवर तेच छापून आलंय. मी चिठ्ठी बघून भरते, वहिनी, मनाने नाही.

वहिनी : अगं, पण शेंगदाणा मी काढला ना. सहा तारखेला प्लॅन बदलला, त्याच्या जागी भोपळ्याच्या बिया घातल्या. दुकानाच्या ऑनलाइन पानावर बघ, दिसतंय.

नणंद : पानावर दिसतंय. परवा दोन नवी गिऱ्हाइकं आली, त्यांना बियांचंच गेलं. पण जुन्यांच्या चिठ्ठ्या शेंगदाण्याच्याच निघतायत. मला वाटलं, तुला आधीचा साठा संपवायचाय.

वहिनी : सगळ्या जुन्यांच्या?

नणंद : झाडून सगळ्या. आणि प्लॅन बदलायच्या पानावर हे खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाच. बदल यापुढे येणाऱ्यांना लागू, चालू सबस्क्रिप्शन आहेत तशीच राहतील. तू ‘हो’ दाबलंस ना याच्यावर?

वहिनी : बाळ मांडीवर होतं. दाबलं आणि पुढे गेले... त्या शिक्षिकाबाईंचा डबा कुठाय?

नणंद : काल गेला. सकाळीच पोचल्याचा मेसेज आलाय. का गं?

वहिनी : त्यांच्यासाठीच तर बदलला. शेंगदाण्याने त्यांच्या मुलाचा गळा सुजला होता, दोन दिवस दवाखान्यात काढले त्यांनी. सबस्क्रिप्शन बंद करा म्हणत होत्या. मीच गळ घातली. पुढच्या डब्यात शेंगदाण्याचा कणही नसेल, डोळे मिटून भरवा. असं लिहिलंय मी त्यांना. डोळे मिटून.

नणंद : फोन लाव आधी.

वहिनी : लावतेय. उचलत नाहीत, वर्गावर असतील.

नणंद : पार्सलसाठी घरचा नंबर दिलाय, तो घे. मी शाळेच्या ऑफिसात लावते.

आजी : हॅलो, कोण?

वहिनी : आजी, मी बाळाच्या खाऊच्या दुकानातून बोलतेय. आज आलेलं पाकीट फोडलंत का?

आजी : फोडलं की. तेच भरवतेय. सून सांगून गेलीय, या वेळचं चालतं म्हणून.

वहिनी : चमचा खाली ठेवा, आजी. त्यात शेंगदाणा आहे. माझी चूक झाली. किती खाल्लं त्याने?

आजी : एक चमचा. अर्धा थुंकला. मला वाटलं, नखरे करतोय. रागावले त्याला.

वहिनी : ओठ कसे दिसतायत?

आजी : थांब, चष्मा शोधते.

वहिनी : चष्मा राहू द्या. बोट लावून बघा.

आजी : ...खालचा जाड लागतोय.

वहिनी : डॉक्टरांनी टोचायचं औषध दिलंय ना घरी?

आजी : कपाटावर आहे. पण टोचायचं कसं ते सुनेलाच ठाऊक.

नणंद : वहिनी, बाई निघाल्या शाळेतून. त्यांच्या खालच्या मजल्यावर डॉक्टर राहतात, त्यांना बाईंनी कळवलंय. ते जिना चढतायत.

वहिनी : ऐकलंत, आजी? औषध हातात घ्या. दार उघडून ठेवा.

आजी : उघडलं. पोरी, मी एकटीच आहे गं घरात.

वहिनी : त्याला छातीशी धरा आणि तो श्वास कसा घेतोय ते मला सांगत राहा. मी फोन ठेवत नाही.