हरवलेल्या मुलीचं पोस्टर

छपाईच्या दुकानातल्या रांगेत शिवणवाल्या मावशींचे कान पुढच्या मुलीकडे लागले होते. दुकानदार तिचं पोस्टर बघून चक्रावला होता.

“अगं, ‘हरवली आहे’ आणि फोटो तुझाच?”

“ग्राफिक डिझाइन शिकते मी, काका. कॉलेजचं काम आहे. चेहरा हवा होता, आपलाच लावला.”

“नंबर कुणाचा?”

“माझाच.”

“म्हणजे हरवलेली पोरगीच फोन उचलणार?”

“उचलेन की. आला तर. आधीही एकदा लावलं होतं हे.”

“लावलं होतंस कुठे?”

“वर्गाच्या दारावर. आठवडाभर.”

“मग मैत्रिणींनी फोन करकरून भंडावलं असेल!”

“नाही... सर म्हणाले, नंबर फार बारीक झालाय.”

“हात्तिच्या! करू मोठा. एवढा पुरे?”

“अजून थोडा, काका.”