उताणी

(नागपूर, प्रताप नगर. १९७४चा श्रावण, दुपार. घरमालकीण रुखमाबाई आणि भाडेकरू मधुसूदन. टेबलावर मायक्रोस्कोप, बरणीत तळहाताएवढी केसाळ कोळीण.)

रुखमाबाई : चिमटा ठेव खाली. मी सांगून राहिली न.

मधुसूदन : काकू, मेली ती. उताणी पडलीय. आत्ताच स्पिरिटमध्ये टाकली नाही तर आतून सडेल. परवा सरांना प्रजाती सांगायचीय, नाहीतर वर्ष गेलं माझं. सावनेरच्या बांधात ही एकच मादी मिळाली.

रुखमाबाई : मेली असती तर मायं काही म्हणणं नव्हतं. जिती असंन, तर श्रावणात या घरात जीव जात नाही.

मधुसूदन : जिवंत कशावरून?

रुखमाबाई : चाळीस वर्षं देवघराचे कोपरे झाडून राहिली. मेल्या कोळ्याचे पाय मुठीवानी आखडते. हिचे पाय कसे पसरून हायेत.

मधुसूदन : ...खरंय. कोळ्याला पाय लांब करायला स्नायू पुरत नाहीत, रक्ताच्या दाबानं उघडतात. जीव गेला की मिटतात. हे मी परीक्षेत लिहिलंय.

रुखमाबाई : अन् पास केलं तुले?

मधुसूदन : मी आजवर बाटलीतल्याच पाहिल्या, काकू.

रुखमाबाई : हळू बोल. पाह्य, डोक्यावरची ढाल उचलून राहिली.

मधुसूदन : कात टाकतेय.

रुखमाबाई : एकेक पाय कसा ओढते... मोज्यातून काढल्यावानी. अन् हे पांढरं काय?

मधुसूदन : सुळे. साध्या कोळ्याचे चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात, हिचे सापासारखे खाली उतरतात. नवे आहेत म्हणून पांढरे.

रुखमाबाई : दातसुद्धा नवे?

मधुसूदन : दात, केस, सगळं. अगदी पोटातल्या... थांबा. काकू, थांबा.

रुखमाबाई : मी कुठं चालली?

मधुसूदन : मादीची प्रजाती ओळखायची ती पोटात नराचं बीज साठवायच्या पिशव्यांवरून. त्यासाठीच फाडणार होतो तिला. पण त्या पिशव्यांचं अस्तरही कातीसोबत बाहेर येतं. तिची कात पूर्ण सुटू द्या, मग ओली आहे तोवर उलगडतो.

रुखमाबाई : बसू दोघंही. मायी पोथी आज संध्याकाळी वाचीन.

मधुसूदन : ...सुटली एकदाची. अस्तर काचेवर पसरलंय, आता बघा. या नळीला एक डोळा लावा.

रुखमाबाई : दोन कळ्या दिसून राहिल्या. वाकलेल्या.

मधुसूदन : त्याच. पुस्तकातल्या आकृतीशी तंतोतंत जुळल्या. नाव मिळालं, काकू.

रुखमाबाई : मोहरीएवढ्या जागेत, जिथं कोणी पाहणार नाही, तिथंही एवढी कलाकुसर. ज्यानं केली, त्याले किती सवड असंन गा.

मधुसूदन : उद्या सकाळी सावनेरला जातो. तिच्या बिळाशी सोडून येतो तिला.

रुखमाबाई : आठ दिवस थांब. दात कवळे हायेत तिचे.