मनकर्णाची सही

चंद्रपूरच्या कोर्टात बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. लसीनंतर मुलीला झटके येऊ लागले म्हणून भरपाईचा दावा करणारी मनकर्णा, आणि ती लस देणारी नर्स.

"सिस्टरबाई, समझोत्यावर सही केली मी."

"माझ्याबद्दल काय लिवलं त्यात?"

"काईच नाई. वकील म्हणे, नर्सची चूक दाखवू, जास्त पैसे भेटतीन. मी नाई म्हणलं."

"काऊन?"

"डॉक्टरायलेच कारण सांगता आलं नाई, तं तुमच्यावर कायले ढकलू? त्या दिवशी पोरीले छातीशी धरून दवाखान्यात तुमीच पळाल्या."

"रोज आठवते मले ती."

"बुधवारी लहान्याची लस हाय नं?"

"हाय. मीच देऊ त्याले?"

"तुमीच द्या. पण आमाले न्यायले घरी या, बाई. एकटीचा माझा पाय नाई निंघणार."