फळ्यावरचा पासवर्ड

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या वहिनी, आजी-माजी सहकारी, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेले माझे तमाम श्रोतेहो, सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली होती. त्यांतली चार आधीच्या वक्त्यांनी खाल्ली. ते पडले माजी संचालक, त्यांना कोण थांबवणार? मी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली बाई, मला बेल वाजवून खाली बसवणं सोपं आहे. आज तेवढं करू नका, एवढी विनंती करून सुरुवात करते.

इथे बरीच नवी मंडळी दिसताहेत, म्हणून सांगते. मी या कंपनीत तक्रार विभागाची प्रमुख होते आणि सत्कारमूर्ती माझ्या हाताखाली जोडणीचं काम करत. घरोघरी जायचं, तार ओढायची, राउटर लावायचा, दिवे हिरवे झाले की सही घ्यायची आणि निघायचं. इतरांचं काम इथे संपायचं. यांचं इथून पुढे सुरू व्हायचं.

ते घरातल्या कर्त्या माणसाला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "हा डबा नुसता इंटरनेट आणत नाही. बाहेरचं जे जे घरात येतं, ते यातूनच येतं. म्हणजे हे तुमचं दार आहे. आणि कारखान्यातून येताना या दाराला जे कुलूप असतं ना, त्याची किल्ली कुणालाही मिळते." मग ते सांगायचे की पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, तो आल्यागेल्याला द्यावा लागतो. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करता येतं, ते करून घ्या, म्हणजे घरचा पासवर्ड घरातच राहतो. दुसरा पासवर्ड राउटरच्या सेटिंगचा. तो मात्र कुणालाही द्यायचा नाही, कंपनीच्या माणसालाही नाही. बाहेरून सेटिंग उघडायची सोय असते, ती बंद ठेवायची. आणि नवं अपडेट आलं की "नंतर बघू" म्हणायचं नाही.

एवढं झालं की लॅपटॉप पुढे सरकवायचे. "आता तुमच्या हातानं नवा पासवर्ड टाका," म्हणायचे, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. त्यावरून ऑफिसात त्यांना 'पाठमोरे' हे नाव पडलं. नव्या लोकांना ते आडनावच वाटायचं. एकदा तर ओळखपत्रावरही तसंच छापून आलं आणि ह्यांनी ते दोन महिने गळ्यात घातलं.

एका आजींनी मला फोन केला होता. म्हणाल्या, "बाई, तुमचा माणूस पाच मिनिटं झाली भिंतीकडे बघत उभा आहे. त्याला बरं नाही का?" मी म्हटलं, त्याला बरं आहे, तुम्ही पासवर्ड टाका. त्यांनी फोन तसाच बाजूला ठेवला, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं. आजींनी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत पासवर्ड टाकला. हे म्हणाले, "आजी, मला ऐकू आलं. आता बदला." आजी म्हणाल्या, "अरे, तू काय परका आहेस का?" हे म्हणाले, "परकाच आहे. उद्या दुसरा कुणी येईल, तोही गोडच बोलेल." आजींनी पुन्हा टाकला, पुन्हा मोठ्यानं. तिसऱ्या वेळी त्याच वैतागल्या आणि म्हणाल्या, "मग कानात बोटं घाल मेल्या."

तुम्ही हसताय. मी तेव्हा हसले नव्हते. दिवसाला सात घरं व्हायला हवीत हा माझा हिशेब, आणि ह्यांची होत चार. मी त्यांना दोनदा लेखी समज दिली. वर लोक स्वतः ठेवलेले पासवर्ड विसरत आणि आमच्याकडे फोन करत. फोन खणाणत राहत, तक्रारी साचत, वरून मला बोलणी बसत. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. काही तुंबलेलं मला बघवत नाही.

म्हणून मी एक युक्ती काढली. सगळ्या घरांच्या राउटरचा सेटिंगचा पासवर्ड एकच ठेवायचा आणि बाहेरून सेटिंग उघडायची सोय चालू ठेवायची. म्हणजे तक्रार आली की आमचा माणूस जागेवरूनच दुरुस्त करील, कुणाच्या घरी जायला नको. मी हे जोडणीच्या सगळ्या लोकांना तोंडी सांगितलं. लेखी काढलं असतं तर मुख्यालयाची परवानगी घ्यावी लागली असती. आणि फोन घेणारा कुणीही असो, त्याला तो पासवर्ड चटकन दिसावा म्हणून आमच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला.

काय हुशारी ही. आम्ही सगळे इंटरनेट जोडणारे लोक, जगाला सावध राहा म्हणून पत्रकं वाटणारे, आणि पासवर्ड भिंतीवर. पण तक्रारी झपाझप निकाली निघू लागल्या. आमच्या विभागाला सर्वांत जलद सेवेचं पारितोषिक मिळालं. आम्ही फळ्यासमोर रांगेत उभे राहून फोटो काढला, तो कंपनीच्या वार्तापत्रात छापून आला आणि वेबसाइटवरही चढला. सगळ्यांचे चेहरे छान आलेत. फळाही छान आलाय.

सत्कारमूर्तींनी तो आदेश पाळला नाही. ते घरोघरी भिंतीकडे तोंड करून उभेच राहिले.

आता वहिनींची क्षमा मागून पुढचं सांगते. वहिनींची धाकटी बहीण परिचारिका आहे. तेव्हा त्यांचे वडील तिच्याकडे असत, अंथरुणाला खिळलेले. ही रुग्णालयात ड्यूटीवर, म्हणून वडिलांच्या खोलीत तिनं कॅमेरा बसवला होता. मधूनमधून फोनवर बघायची, त्यातूनच बोलायची, "बाबा, पाणी प्या," "बाबा, कूस बदला." नातेवाइकांच्या घरची जोडणी स्वतः करायची नाही असा आपला नियम आहे. त्यामुळे तिथे सत्कारमूर्ती गेले नाहीत, दुसरा माणूस गेला, आणि त्यानं फळ्यावरचा पासवर्ड टाकला.

फोटो छापून आल्यावर बाराव्या दिवशी, एका गुरुवारी सकाळी, त्या कॅमेऱ्यातून कुणीतरी बोललं. कोण, कुठून, ते आजतागायत कळलेलं नाही. चाळीसेक घरांचे राउटर त्या आठवड्यात कुणीतरी उघडले होते. कुणाच्या घरी भलतीच पानं उघडत होती, कुणाचं इंटरनेटच बंद पडलं होतं. वहिनींच्या बहिणीच्या घरी त्यांना कॅमेरा सापडला. आवाज आला, "ए म्हाताऱ्या, ऊठ." आणि हसण्याचा आवाज. बाबांना वाटलं, लेकीच्या यंत्रातून सांगताहेत म्हणजे उठायचंच असेल. ते उठायला गेले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते दीड वर्ष होते, पण त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोललं की घाबरायचे.

चौकशी झाली. अध्यक्ष महोदय, ती तुम्हीच केली होती. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. एवढी घरं फुटली, मग सत्कारमूर्तींनी जोडलेलं एकही का फुटलं नाही? त्यांनी सांगितलं, मी घरच्यांकडूनच पासवर्ड बदलून घेतो, बाकीच्यांना एकच पासवर्ड ठेवायचा आदेश होता. तुम्ही विचारलंत, कुणाचा? ते म्हणाले, बाईंचा.

तुम्ही मला बोलावलंत. मी तुमच्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "असा आदेश दिल्याचं मला आठवत नाही."

मला आठवत होतं. अगदी कोणत्या रंगाच्या पेननं लिहिलं तेसुद्धा. घटना कळली त्याच दुपारी मी तो फळा स्वतः पुसला आणि वेबसाइटवरचा फोटो 'जुना झाला' म्हणून काढायला लावला. जोडणीच्या इतर लोकांनाही तुम्ही विचारलंत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांनाही आठवेना. त्यांतले तिघं आज समोर बसले आहेत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचं पोट माझ्या शेऱ्यावर अवलंबून होतं.

फाइलवर शेरा पडला: 'सहभाग सिद्ध नाही, तथापि संशय दूर होत नाही. ग्राहकांच्या घरी पाठवू नये.' तेव्हापासून नऊ वर्षं हा माणूस तळघरातल्या भांडारात परत आलेले राउटर पुसून कपाटात लावतो आहे. मी रोज त्या जिन्यावरून जायचे. ते नमस्कार करायचे. खरं सांगते, मला त्यांच्या नमस्काराचा राग यायचा. दोन शब्द सुनावले असते तर मला तेवढंच बरं वाटलं असतं.

आणि घरी काय झालं? धाकट्या बहिणीनं त्यांना विचारलं, "भाऊजी, तुम्ही लावलेली सगळी घरं धड राहिली. माझंच बरं फुटलं?" त्यांनी माझ्या आदेशाचं खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मग चौकशीत तसं का नाही निघालं?" तिनं ताईच्या घरी पाऊल टाकणं सोडलं. बाबा गेले तेव्हा वहिनींना कळवलं, पण सगळं उरकल्यावर. वहिनी, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत. मला इतरांकडून कळलं, आणि कळल्यावरही मी गप्प बसले.

मग आजच का बोलते आहे, असं तुमच्या मनात येईल. गेल्या महिन्यात माझ्या घरचं इंटरनेट सारखं तुटत होतं. फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, सेटिंगमध्ये जा, पासवर्ड टाका. मला कुठला ठाऊक असणार? चुकतमाकत सहज फळ्यावरचा टाकून बघितला. उघडलं. त्या प्रकारानंतर कंपनीनं सगळी घरं तपासली, पासवर्ड बदलले, पण बाईंच्या घरात जाऊन बाईंना सांगायची कुणाची छाती झाली नाही. मग सत्कारमूर्ती सांगत तसं एकेक करत गेले. पासवर्ड बदलला, बाहेरची सोय बंद केली, अपडेट घेतलं. वीस मिनिटं लागली. ह्यांना एका घराला लागायची तेवढीच. या वीस मिनिटांसाठी मी माणसाला समज दिली होती.

एक गोष्ट अजून कुणालाच ठाऊक नाही, सत्कारमूर्ती आणि मी सोडून. तीही सांगते. त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी ते माझ्या टेबलाशी आले होते. म्हणाले, "बाई, बाकीचं राहू द्या, पण माझ्या मेहुणीच्या घरी कॅमेरा आहे. तिथला पासवर्ड मला बदलू द्या." मी म्हटलं, "नातेवाइकांच्या घरी तुम्ही जायचं नाही, नियम आहे. मी आजच दुसऱ्या कुणाला तरी पाठवते." त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. आणि मी विसरले. बाकी सगळं मी लपवलं, पण हे मी खरोखर विसरले, आणि याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

अध्यक्ष महोदय, वार्तापत्राचा हा अंक तुमच्या हाती देते. माझ्या खांद्यामागे फळा आहे. चष्मा लावून बघा, पासवर्ड स्पष्ट वाचता येतो. अक्षर माझं आहे. सोबत माझं सहीचं पत्र आहे. सत्कारमूर्तींची फाइल उद्या बंद होईल, तो शेरा आजच खोडा. माझ्यावर जी काही कारवाई करायची ती सवडीनं करा, मी कुठे जात नाही.

धाकट्या बाई सभागृहात आहेत. मीच त्यांना फोन करून बोलावलं, कारण न सांगता. बाई, तुमच्या वडिलांच्या दाराला कुलूप घालायला तुमचे भाऊजी निघाले होते. मी त्यांना अडवलं.

आयोजकांनी मला मोठ्या विश्वासानं बोलावलं, त्यांचे आभार. शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. बोलण्यात कुठे शब्द कमी-जास्त झाला असेल तर तेवढा पोटात घाला. बाकीचं घालू नका.

आता मी खाली बसते. मधल्या रांगांतल्या लोकांनी खुर्च्या जरा बाजूला घ्या. धाकट्या बाई उठल्या आहेत, त्यांना ताईपर्यंत यायला वाट द्या.